लॅपटॉप तुम्हाला ओळखत नाही, तेव्हा

"भाऊ, कालपर्यंत बराबर उघडत होता, आता मले ओळखूनच नाही राहिला." लॅपटॉपच्या चेहरा-लॉगिनबद्दल अशी तक्रार नागपुरात हल्ली बरीच ऐकू येते.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे अनेक घरांत, दुकानांत, शिकवणी वर्गांत विंडोज ११ चे नवे लॅपटॉप आले. नवीन यंत्र सुरू करताना ते विचारतं, चेहरा दाखवून उघडायचं का? आपण 'हो' म्हणतो, क्षणभर कॅमेऱ्याकडे बघतो आणि विसरून जातो. पुढे कधीतरी, नेमकं घाईच्या वेळी, स्क्रीनवर 'तुम्हाला ओळखता आलं नाही' असं येतं. पिन आठवत नसतो. मग सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानात फेरी, आणि तिथे ठरलेला सल्ला: "विंडोज नवीन मारावं लागेल."

बहुतेक वेळा तशी गरज नसते. शंका आली की नकार द्यायचा, असंच हे तंत्र मुद्दाम बनवलेलं आहे. म्हणून 'काय बिघडलं?' असं विचारण्याआधी 'याला शंका कशाची आली?' असं विचारावं. शंका साधारण तीन तऱ्हेची असते. समोरचं नीट दिसत नाही, दिसतंय पण जुन्या नोंदीशी जुळत नाही, किंवा बघणारी यंत्रणाच जागेवर नाही.

पुढचं सगळं विंडोजच्या लॅपटॉपबद्दल आहे. तिथल्या या सोयीचं नाव 'विंडोज हॅलो', आणि ती २०१५ मध्ये विंडोज १० सोबत आली. ॲपलच्या मॅकबुकमध्ये चेहऱ्याने लॉगिन होत नाही, तिथे बोटाचा ठसा चालतो. त्यामुळे मॅकबुकवाल्यांनी आयफोनसारखं लॅपटॉपकडे टक लावून बघण्यात अर्थ नाही.

## कॅमेरा एक दिसतो, असतात दोन

स्क्रीनच्या वरच्या पट्टीत नीट पाहा. मधोमध एक भिंग असतं. त्याच्या बाजूला आणखी एक काळसर ठिपका आणि बहुधा एखादा बारीक दिवा असतो. पहिलं भिंग रंगीत कॅमेऱ्याचं. व्हिडिओ मीटिंगमध्ये तुम्ही लोकांना दिसता ते यातून. दुसरा कॅमेरा इन्फ्रारेडचा. इन्फ्रारेड म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश. आपल्या डोळ्यांना साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. लॅपटॉपचा हा बारीक दिवा बहुधा ८५० ते ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश फेकतो. टीव्हीचा रिमोटही याच पट्ट्यात काम करतो. काही मॉडेलांत दोन्ही कॅमेरे एकाच भिंगामागे बसवलेले असतात, तेव्हा ठिपका दिसला नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

हा दिवा सतत पेटत नाही, लुकलुकतो. एक चित्र दिवा पेटलेला असताना घेतलं जातं, दुसरं विझलेला असताना. दोघांतला फरक काढला की खोलीतला उजेड वजा होतो आणि फक्त लॅपटॉपच्या दिव्याने उजळलेला चेहरा उरतो. या युक्तीमुळे खोलीत ट्यूबलाइट आहे की पिवळा बल्ब, याचा फारसा परिणाम होत नाही. आणखी दोन फायदे होतात. मोबाइलच्या स्क्रीनवर तुमचा फोटो दाखवला तर इन्फ्रारेड कॅमेऱ्याला तिथे जवळपास काळा चौकोन दिसतो, कारण स्क्रीन हा प्रकाश फारसा सोडतच नाही. शिवाय त्वचेतल्या मेलॅनिनचं शोषण या प्रकाशात कमी होतं, त्यामुळे गोऱ्या-सावळ्यातला फरक डोळ्यांना दिसतो तेवढा इथे उरत नाही.

आता पहिली तपासणी. तुमच्या लॅपटॉपमध्ये इन्फ्रारेड कॅमेरा आहे का? साध्या वेबकॅमवर विंडोज हॅलो चालत नाही, आणि मध्यम किमतीच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये नुसता वेबकॅमच असतो. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स या वाटेने गेल्यावर 'फेशियल रेकग्निशन'खाली 'चालेल असा कॅमेरा सापडला नाही' अशा अर्थाचं वाक्य दिसलं आणि यंत्र नवं असतानाही ते तसंच होतं, तर प्रश्न तिथेच मिटला. ते यंत्र चेहरा कधीच ओळखणार नव्हतं. दुकानदाराने 'फेस लॉक आहे' म्हणून विकलं असेल तर बिल घेऊन त्याच्याकडे जा.

पूर्वी चालत होतं आणि आता बंद पडलं असेल, तर एक सोपी चाचणी आहे. मोबाइलचा कॅमेरा उघडा आणि टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याच्या टोकाकडे धरा. मोबाइलच्या पडद्यावर ठिणगीसारखा उजेड दिसला तर तुमच्या मोबाइलला इन्फ्रारेड दिसतं. मागच्या कॅमेऱ्याने दिसलं नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा. मग तोच कॅमेरा लॉक स्क्रीनवर असलेल्या लॅपटॉपच्या वरच्या पट्टीकडे धरा. लुकलुक दिसली की दिवा जिवंत आहे. एवढ्याने अर्धं निदान झालं.

## नमुना सही आणि चेकवरची सही

ओळखणं म्हणजे इथे नेमकं काय घडतं? बँकेत खातं उघडताना आपण नमुना सही देतो. पुढे प्रत्येक चेकवरची सही कॅशियर त्या नमुन्याशी ताडून बघतो. तो तुम्हाला ओळखत नसतो, तो दोन सह्यांमधलं साम्य ओळखतो. लॅपटॉपचंही तसंच चालतं. पहिल्या दिवशी तो डोळे, नाक, तोंड अशा ठरावीक खुणा पकडतो, त्या खुणांभोवती उजेड-सावलीचा फरक कसा पसरला आहे ते आकड्यांत मांडतो आणि ती आकड्यांची नोंद जपून ठेवतो. या नोंदीला टेम्पलेट म्हणतात. आपण नमुनाच म्हणू. नंतर दर वेळी नवं चित्र घेतलं जातं, त्याचे आकडे काढले जातात आणि साम्य पुरेसं आहे का ते ठरतं.

'पुरेसं' कुठे धरायचं, यातच सगळी मेख आहे. सैल धरलं तर भलत्याची सही पास होते, कडक धरलं तर खातेदाराचाच चेक परत येतो. मायक्रोसॉफ्टने चेहरा ओळखीसाठी घातलेली अट अशी आहे: परका माणूस चुकून आत जाण्याचं प्रमाण ०.००१ टक्क्यापेक्षा कमी, म्हणजे लाखात एकाहून कमी. खऱ्या मालकाला नाकारलं जाण्याचं प्रमाण, फसवाफसवी पकडणारी यंत्रणा चालू असताना, १० टक्क्यांपेक्षा कमी. हे दोन आकडे शेजारी ठेवा. परक्याला चुकून आत घेण्यापेक्षा मालकाला चुकून बाहेर ठेवणं दहा हजारपट जास्त खपवून घेतलं आहे. दहापैकी एखाद्या वेळी लॅपटॉपने तुम्हाला ओळखलं नाही, तर तो ठरवून दिलेल्या मर्यादेच्या जवळपासच वागतोय. सलग चार दिवस ओळखलं नाही तर मात्र शोध घ्यायला हवा.

चेहरा समोर किती सरळ हवा, यालाही मर्यादा आहे. दोन्ही बाजूंना साधारण १५ अंश. पलंगावर लोळून, लॅपटॉप पोटावर ठेवून खालून चेहरा दाखवणाऱ्यांची निम्मी तक्रार इथेच सुटते.

## अंधारात का चालेना?

सगळ्यात जास्त गोंधळ याच मुद्द्यावर आहे आणि तो रास्त आहे. कारण पूर्वी अंधारात चालायचं. इन्फ्रारेडचा दिवा लॅपटॉपचा स्वतःचा, त्यामुळे लाइट गेलेली असली तरी झाकण उघडलं की लॅपटॉप उघडायचा. मग एक दिवस ते बंद झालं.

तो दिवस होता ८ एप्रिल २०२५. त्या दिवशी आलेल्या विंडोज ११ च्या सुरक्षा-अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने नियम बदलला. आता लॉगिनच्या वेळी रंगीत कॅमेऱ्यालाही चेहरा दिसला पाहिजे. इन्फ्रारेडने ओळखलं तरी रंगीत कॅमेऱ्यासमोर काळोख असेल तर दार उघडणार नाही. अपडेटच्या माहितीत ही गोष्ट एका वाक्यात लिहिली होती, आणि ती माहिती कोण वाचतं? लोकांनी कॅमेरा बिघडला असं समजून त्याचे ड्रायव्हर (कॅमेरा चालवणारे छोटे प्रोग्राम) काढले, घातले, काहींनी विंडोजही नवीन टाकून पाहिलं. नवीन विंडोजमध्ये तोच नियम असल्यामुळे अर्थातच काही फरक पडला नाही.

नियम का बदलला, हे कळलं की राग थोडा कमी होतो. एकट्या इन्फ्रारेडवर विसंबणं धोक्याचं आहे हे हळूहळू उघड होत गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मालकाचा इन्फ्रारेड फोटो काढून तो कागदावर छापला आणि विंडोज १० च्या जुन्या आवृत्त्या त्यावर उघडून दाखवल्या. २०२१ मध्ये एका सुरक्षा कंपनीने यूएसबीला जोडायचं असं उपकरण बनवलं की जे 'मी कॅमेरा आहे' असं सांगून मालकाचं एक इन्फ्रारेड चित्र आत ढकलायचं. मायक्रोसॉफ्टने त्यावर त्याच वर्षी जुलैमध्ये दुरुस्ती काढली. २०२५ मध्ये नियम बदलायला लावणारी त्रुटी सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवली. दर वेळी फसवायला तुमचा लॅपटॉप हातात असावा लागतो, घरबसल्या हे जमत नाही. तरी धोका पत्करण्यापेक्षा दुसरा साक्षीदार उभा करणं मायक्रोसॉफ्टला बरं वाटलं, आणि तो साक्षीदार म्हणजे रंगीत कॅमेरा.

यावर एक तोडगा इंटरनेटवर फिरतो: डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या सुट्या भागांच्या यादीत, जाऊन रंगीत कॅमेरा बंद करा, मग अंधारात पुन्हा चालतं. पण नवीन बसवलेलं कुलूप काढून ठेवण्यासारखंच ते आहे, आणि त्यानंतर व्हिडिओ मीटिंगमध्येही तुम्ही कोणाला दिसणार नाही. माझं मत विचाराल तर हे करू नये. स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवा. जवळ बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेवढा उजेड बहुतेक वेळा पुरतो. नाही पुरला तर पिन टाका. दोन सेकंद लागतात.

याच नियमाचा दुसरा परिणाम कमी जणांच्या लक्षात येतो. काही लॅपटॉपवरचं सरकतं झाकण फक्त रंगीत भिंग झाकतं. आधी ते बंद असतानाही इन्फ्रारेडच्या जोरावर लॉगिन व्हायचं. आता झाकण उघडल्याशिवाय होत नाही. भिंगावर कागदाचा तुकडा किंवा टिकली चिकटवून ठेवणाऱ्यांनाही हेच लागू.

## मे महिन्यातली बंद खोली आणि गच्चीवरचं ऊन

उजेड कमी असणं जसं अडतं तसं जास्त असणंही अडतं, आणि नागपुरात दोन्हीची सोय आहे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा सकाळी दहा-अकरानंतर घरं बंद होतात. दारं-खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, खिडकीत कूलर आणि वाळ्याच्या ताट्या. खोली गार राहते, पण भरदुपारी संध्याकाळसारखा अंधार असतो. आपल्या डोळ्यांना त्याची सवय होते. रंगीत कॅमेऱ्याला होत नाही. 'दिवसाढवळ्या ओळखत नाही' असं सांगणाऱ्याला आधी विचारावं, पडदा लावलाय का? त्यात पाठीमागच्या फटीतून उन्हाची तिरीप येत असेल तर आणखी वाईट. कॅमेरा त्या तिरिपीला जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नको.

उलट डिसेंबरात आपण लॅपटॉप घेऊन गच्चीवर उन्हात जाऊन बसतो. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं. त्या माऱ्यापुढे लॅपटॉपचा बारीक दिवा फिका पडतो, आणि पेटलेल्या-विझलेल्या चित्रांतला फरक काढला तरी हाती फारसं लागत नाही. हवेतली वाफ ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा सूर्यप्रकाश बऱ्यापैकी शोषते, म्हणून त्या पट्ट्यातला दिवा असलेली यंत्रं उन्हात जरा बरी चालतात. तरी सावलीत सरकणं हाच खरा उपाय.

चेहरा झाकला गेला असेल तर यंत्राचा दोष नाही. उन्हाळ्यात स्कूटीवरून आलेली मुलगी पांढरा दुपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळून ऑफिसात शिरते, थंडीत काकांची माकडटोपी कपाळ आणि हनुवटी दोन्ही झाकते. नाक-तोंड-हनुवटी मोकळी हवी. गॉगलचं थोडं वेगळं. काही गॉगल इन्फ्रारेड अडवतात, तेव्हा आपल्याला आरपार दिसतं पण कॅमेऱ्याला डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. साध्या चष्म्यावरही दिव्याची चमक नेमकी बुबुळावर आली तर अडतं. मान किंचित खाली-वर केली की चमक सरकते.

भिंगावरची धूळ हा आणखी एक क्षुल्लक पण नेहमीचा मामला. कूलरच्या झोतासमोर ठेवलेल्या वस्तूंवर बारीक थर चढतो, तो या भिंगावरही चढतो. चष्म्याच्या कोरड्या मऊ कापडाने पुसा.

## नमुना जुना झाला असेल तर

नमुना सही विशीतली आणि चेक पन्नाशीत फाडलेला, अशी गत चेहऱ्याचीही होते, फक्त जरा लवकर. श्रावण पाळणारे महिनाभर दाढी करत नाहीत. नमुना आषाढातला, गुळगुळीत. श्रावणअखेर चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग बदललेला. कोणी नवा चष्मा घेतो, कोणाचं वजन घटतं, कोणाच्या शस्त्रक्रियेनंतर चेहऱ्याला सूज असते.

यासाठी साइन-इन ऑप्शन्समध्ये 'इम्प्रूव्ह रेकग्निशन' असं बटण आहे. ते दाबून बदललेला चेहरा दाखवला की जुन्या नोंदीत नवीन भर पडते. चष्मा घालून एकदा आणि काढून एकदा करा. रोज बसता त्या जागी आणि त्याच उजेडात करा. एवढ्याने भागलं नाही तर 'रिमूव्ह' करून नवा नमुना द्या. यात तुमच्या फायली, फोटो, टॅली, काहीच जात नाही. फक्त आधी पिन पाठ आहे ना, याची खात्री करा.

## आधी स्क्रीनवरचं वाक्य वाचा

आपण ते वाक्य न वाचताच कपाळाला हात लावतो. पण ते बरंच सांगून जातं. 'तुम्हाला शोधतोय' असं म्हणत राहिला तर कॅमेऱ्याला चेहराच सापडत नाही: उजेड, झाकण, अंतर बघा. 'ओळखता आलं नाही' म्हणाला तर चेहरा दिसतोय पण जुळत नाही: नमुना ताजा करा. 'कॅमेरा सुरू करता येत नाही' किंवा 'चालणारा कॅमेरा सापडला नाही' म्हणाला तर गडबड यंत्रणेत आहे, तुमच्या चेहऱ्यात नाही. या भागातलं पुढचं सगळं फक्त या तिसऱ्या प्रकारासाठी.

सुरुवात रीस्टार्टने करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुधा चालू असते. तिच्यामुळे शट डाउन करताना विंडोजच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपली जाते आणि चालू करताना तीच परत आणली जाते. अडकलेला कॅमेरा त्या अवस्थेसकट परत येतो. रीस्टार्टमध्ये पाटी कोरी होते. बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

मग कीबोर्डच्या वरच्या ओळीत कॅमेऱ्यावर काट मारलेलं चिन्ह असलेली कळ आहे का बघा. अनेक लॅपटॉपवर ती असते आणि चुकून दाबली जाते. त्यानंतर 'कॅमेरा' ॲप उघडा. त्यात चित्र दिसलं तर रंगीत कॅमेरा ठीक आहे.

आता डिव्हाइस मॅनेजर. 'कॅमेराज'खाली बहुधा दोन नोंदी दिसतात, त्यातली एक इन्फ्रारेडची. 'बायोमेट्रिक डिव्हायसेस'खाली 'विंडोज हॅलो फेस सॉफ्टवेअर डिव्हाइस' दिसायला हवं. पिवळं त्रिकोणी चिन्ह किंवा नोंदच गायब असेल तर ड्रायव्हरचा प्रश्न आहे. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादा सुटा भाग यांच्यातला दुभाष्या. मोठ्या अपडेटनंतर कधी कधी हे दुभाष्ये रुसतात. नवा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलचा क्रमांक टाकून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणाऱ्या फुकट प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नका. सोबत काय काय येईल सांगता येत नाही.

ड्रायव्हर जागेवर असूनही चालत नसेल तर 'सर्व्हिसेस'च्या, म्हणजे विंडोज पडद्यामागे चालवत असलेल्या कामांच्या, यादीत 'विंडोज बायोमेट्रिक सर्व्हिस' चालू आहे का ते पाहा आणि ती रीस्टार्ट करा. एखाद्या यंत्रात चेहरा ओळखीचा भागच काढून टाकलेला असतो; तो सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून परत घालता येतो.

## जालीम उपाय सांगणाऱ्यांपासून जपून

व्हिडिओ पाहून दुरुस्ती करणाऱ्यांसाठी इथे जरा थांबतो, कारण नुकसान इथेच होतं. 'टीपीएम क्लिअर करा' असा एक सल्ला सर्रास दिला जातो. टीपीएम ही लॅपटॉपच्या आतली सुरक्षा-चिप; पिन आणि गुप्त किल्ल्या तिच्या भरवशावर असतात. विंडोज ११ ला तिची २.० आवृत्ती लागतेच. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिस्कवरचा मजकूर आपोआप कुलूपबंद होतो आणि त्या कुलपाची किल्लीही याच चिपमध्ये राहते. चिप साफ केली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मिळाली नाही तर फोटो, हिशेब, प्रबंध, सगळं आतच राहतं.

ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. खात्यात जाऊन आजच बघून ठेवा आणि कागदावर उतरवून घ्या. चेहरा-लॉगिनची तक्रार असो वा नसो.

'एनजीसी फोल्डर डिलीट करा' हा दुसरा लाडका उपाय. या फोल्डरमध्ये पिनची माहिती असते. तो पिन बिघडला असेल तर उपयोगी पडतो, चेहरा ओळखत नाही म्हणून करायचा नाही. तो केला की पिन जातो, आणि खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर माणूस आधीपेक्षा जास्त अडकतो.

## चार आकडी पिन पासवर्डपेक्षा सुरक्षित कसा?

विंडोज हॅलोत पिनशिवाय चेहरा ठेवताच येत नाही. पिन काढला की चेहराही जातो. म्हणजे मुख्य किल्ली पिन आहे आणि चेहरा ही वरची सोय. चेहरा चालला नाही म्हणून कोणी बाहेर राहत नाही, पिन विसरल्यामुळे राहतो.

मोठा पासवर्ड जाऊन छोटा पिन आला म्हणजे सुरक्षा कमी झाली, असं वाटणं स्वाभाविक आहे. फरक असा की खात्याचा पासवर्ड जगात कुठूनही वापरता येतो. तो चोरीला गेला तर चोर दुसऱ्या देशात बसून तुमची मेल उघडू शकतो. पिन फक्त त्याच एका लॅपटॉपवर चालतो, आणि चुकीचे पिन टाकत राहिलं तर सुरक्षा-चिप काही काळ प्रयत्नच स्वीकारत नाही. चारऐवजी सहा आकडी ठेवा, जन्मतारीख नको. विसरलात तर लॉक स्क्रीनवरच 'पिन विसरलो' अशी वाट असते. तिला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड लागतो.

## माझा चेहरा कुठे पाठवला जातो का?

मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्याप्रमाणे नमुना त्याच लॅपटॉपवर, सांकेतिक रूपात राहतो. फोटो साठवला जात नाही आणि कंपनीच्या सर्व्हरवर काही जात नाही. दोन लॅपटॉप असतील तर दोन्हीवर वेगवेगळा नमुना द्यावा लागतो, तो यामुळेच. चौकातल्या कॅमेऱ्याने हजारो चेहऱ्यांतून एक शोधणं हा वेगळाच प्रकार आहे. तिथे प्रश्न 'हा कोण?' असा असतो. इथे 'हा तोच का?' एवढाच. चौकातल्या कॅमेऱ्यांवरचे आक्षेप खरे आणि गंभीर आहेत, पण ते लॅपटॉपच्या माथी मारता येत नाहीत.

जुळी भावंडं? तिथे लाखात एकाचं गणित लागू होत नाही. जुळ्यांनी पिनच वापरावा.

## ऑफिसचा लॅपटॉप असेल तर

मिहानमधल्या किंवा आयटी पार्कमधल्या कंपनीचं यंत्र असेल आणि सेटिंग्जमध्ये 'काही सेटिंग तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत' असं दिसत असेल, तर हात लावू नका, हेल्पडेस्कला सांगा. एक गोष्ट मात्र माहीत असावी. लॅपटॉपचं झाकण मिटवून मोठ्या मॉनिटरवर काम करणाऱ्यांचा कॅमेरा आत दडलेला असतो, आणि बाहेरून जोडलेला इन्फ्रारेड कॅमेराही विंडोज हॅलोची वाढीव सुरक्षा ('एनहान्स्ड साइन-इन सिक्युरिटी') चालू असेल तर स्वीकारला जात नाही. २०२१ चं ते यूएसबीचं प्रकरण आठवलं की याचं कारण कळेल.

## भागच गेला असेल तर

रिमोटच्या चाचणीत दिवा दिसला नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये इन्फ्रारेडची नोंद नाही, ताजा ड्रायव्हर घालूनही काही नाही: मग वायर किंवा कॅमेरा गेला आहे. कॅमेऱ्याची वायर बिजागरीतून खाली जाते आणि वर्षानुवर्षं झाकण उघडझाप करून ती झिजते. झाकण ठरावीक कोनात असतानाच कॅमेरा चालत असेल तर वायरचाच संशय घ्या.

फुटलेला स्क्रीन बदलून आणल्यावर चेहरा-लॉगिन गायब झालं असेल, तर बहुधा दुरुस्तीत साधा कॅमेरा बसवला गेला आहे किंवा इन्फ्रारेडची वायर जोडायची राहिली आहे. म्हणून काम देतानाच 'कॅमेरा आयआरवालाच (म्हणजे इन्फ्रारेडचा) पाहिजे' असं सांगा आणि बिलावर तसं लिहून घ्या. लॅपटॉप परत घेताना नुसतं मीटिंगचं चित्र दिसतंय यावर समाधान मानू नका. साइन-इन ऑप्शन्समध्ये फेशियल रेकग्निशन उघडतंय का बघा, काउंटरवरच चेहऱ्याने एकदा उघडून पाहा, आणि मग पैसे द्या.